शाळा, कॉलेज आणि तिसरी नोकरी

पत्र

आदरणीय बाई,

सादर नमस्कार. मी २६ वर्षांची, मूळची मिरजेची. आधी ए.टी.डी. (कलाशिक्षकाची पदविका) केलं, मग पेंटिंगमध्ये बी.एफ.ए. ही पदवी. गेल्या वर्षी पुण्यात एम.एफ.ए.ला, म्हणजे त्यापुढच्या पदव्युत्तर पदवीला, प्रवेश घेतला. पहिलं वर्ष पार पडलं आणि या जूनपासून एका खाजगी विनाअनुदानित शाळेत ड्रॉइंग टीचर म्हणून लागले. नेमणूक एका वर्षाची आहे. शाळा सकाळची, सात ते साडेबारा. कॉलेज दुपारचं. वेळा जुळत होत्या म्हणून हो म्हटलं. वडील रिटायर झालेत, घरून पैसे मागायला आता नको वाटतं.

पाचवी ते नववीच्या १४ तुकड्या माझ्याकडे आहेत. प्रत्येकीला आठवड्याला दोन तास, म्हणजे २८ तास. एकेका वर्गात पन्नासच्या वर मुलं, तास ३५ मिनिटांचा. त्याशिवाय दर्शनी फलक, रांगोळी, पाहुण्यांना द्यायची भेटकार्डं, आणि "तुमचं अक्षर छान आहे" म्हणून प्रमाणपत्रांवरची नावंही माझ्याकडेच. ऑफ तास मिळाला की बदली तासाला पाठवतात. शाळा साडेबाराला सुटते, मी दोनच्या आत बाहेर पडत नाही. कॉलेजात पोचते तेव्हा सर निघायच्या बेतात असतात. रात्री कॉट बेसिसच्या खोलीवर बसून दुसऱ्या दिवशीचे नमुने तयार करते, मोबाइलवर नव्या नव्या कल्पना शोधते.

गेल्या महिन्यात गाइड सरांनी माझी चार कामं पाहिली आणि म्हणाले, "यात शाळा शिरली आहे." खोलीवर येऊन खूप रडले. लघुप्रबंधाचा विषय ऑगस्टअखेर द्यायचा आहे आणि काहीच सुचत नाही. आई म्हणते, दोन डगरींवर हात ठेवू नकोस, एक काहीतरी सोड. मैत्रीण म्हणते नोकरी सोड. स्टाफरूममध्ये म्हणतात, डिग्री घेऊन काय करणार, नोकरी धरून ठेव. मुलं चित्र काढत असताना त्यांच्यामध्ये उभं राहायला मला मनापासून आवडतं, हेही खरं आहे. काय सोडू? तुमच्या विद्यार्थिनीच्या वयाची आहे, अगं-तुगं करूनच लिहा.

— एक कलाशिक्षिका, पुणे

उत्तर

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचून झाल्यावर तुझा दिवस कागदावर मांडून पाहिला. तू विचारतेस शाळा की कॉलेज. पण तुझ्या दिवसात कामं तीन आहेत. एक शिकवणं, दुसरं एम.एफ.ए. आणि तिसरं शाळा सजवणं. शिकवण्याचा तुझ्याकडे नेमणुकीचा कागद आहे, एम.एफ.ए.ची प्रवेशाची पावती आहे. सजावटीचा कुठेही कागद नाही. वेळापत्रकात तिला जागा नाही, पगारात ती धरलेली नाही, आणि तरी साडेबारा ते दोन हा तुझ्या दिवसातला सगळ्यात मोलाचा वेळ तीच घेऊन जाते. तेव्हा माझं उत्तर आधीच सांगून टाकते. नोकरी लगेच सोडू नकोस. एम.एफ.ए. तर मुळीच सोडू नकोस. सोडायची आहे ती ही तिसरी, बिनपगारी नोकरी.

ती तुझ्या गळ्यात का पडली, तेही समजून घे, म्हणजे मनात कुणाबद्दल राग राहणार नाही. आपल्याकडे ड्रॉइंगचा तास हा 'देऊन टाकता येण्याजोगा' तास मानला जातो. गणिताचा भाग मागे पडला की आपला तास जातो, पाहुणे आले की आपला तास जातो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची काढून बघ. सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षणाला अंशकालीन निदेशक सांगितला आहे, तोही शंभरावर मुलं असतील तर. कायद्याच्या कागदावरच आपण अर्धवेळ असलो, तर मुख्याध्यापकांना आपला उरलेला वेळ रिकामा वाटतो यात नवल नाही. त्यातून तू नवीन, तुझा हात चांगला, आणि 'नाही' म्हटलं तर पुढच्या जूनला नेमणूक मिळेल का ही धाकधूक. अशा परिस्थितीत "ठामपणे नाही म्हण" एवढाच सल्ला देऊन मी मोकळी होणार नाही.

नाही म्हणू नकोस. ते काम तासात ओढून घे. दर्शनी फलक हा आठवी-नववीचा पाठ कर. एलिमेंटरीच्या शासकीय चित्रकला परीक्षेत अक्षरलेखन असतंच. मग देवनागरीची शिरोरेषा, अक्षराची जाडी, दोन अक्षरांमधली मोकळी जागा हे सगळं फलकावरच शिकव. महिन्याला एका तुकडीकडे फलक दे, त्यांनी आराखडा करायचा, त्यांनी लिहायचं, खाली त्यांच्या तुकडीचं नाव. अक्षरं तुझ्याइतकी देखणी येणार नाहीत. एखादी ओळ उतरती जाईल, 'स्वागत'मधला 'त' कोपऱ्यात चेपून बसेल. तसंच राहू दे, रात्री हळूच जाऊन दुरुस्त करू नकोस. सुपरवायझर मॅडम काही म्हणाल्या तर सांग, "मॅडम, परीक्षेचा सराव चालू आहे." ते शंभर टक्के खरं आहे. रांगोळीचं तेच. ठिपके-जाळीतून संकल्पचित्राचा, म्हणजे डिझाइनचा, पाया घालता येतो, तो सातवीला घाल. प्रमाणपत्रांवरची नावं मात्र कुठल्याच पाठात बसत नाहीत. ती संगणकावर छापून घ्या, अशी विनंती आत्ताच कर, डिसेंबरात नको. गॅदरिंगच्या पडद्याबद्दलही सप्टेंबरातच बोलून ठेव. दोन आठवडे आधी सांगितलं की ते काम रात्रीचं होतं, हे प्रत्येक ड्रॉइंग टीचरला ठाऊक आहे.

आता वर्गाबद्दल. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण तुझ्या रात्री वाचणार आहेत त्या इथेच.

१४ तुकड्या म्हणजे सातशेच्या वर मुलं. तू प्रत्येक इयत्तेला दर तासाला नवं काहीतरी द्यायला बघतेस, त्याचे नमुने रात्री जागून करतेस. ते थांबव. तयार नमुना वर्गात गेला की पन्नास मुलं त्याची नक्कल करतात, आणि ज्याला नक्कल जमत नाही तो "बाई, तुम्हीच काढून द्या ना" म्हणत वही पुढे करतो. नमुन्यावर तुझी रात्रही जाते आणि मुलाचं चित्रही जातं. त्यापेक्षा पंधरवड्याला एकच विषय घे आणि तोच पाचवीपासून नववीपर्यंत सगळ्यांना दे. विषय त्यांच्या घरातला आणि नेमका असावा. उदाहरणार्थ, "तुमच्या घरात प्यायचं पाणी जिथे ठेवतात ती जागा काढा." फळ्यावर काही काढायचं नाही, फक्त विचारायचं. माठ आहे की पिंप? खाली काय आहे, तिवई, ओटा की स्टूल? झाकणावर काय ठेवलंय? ओगराळं कुठे अडकवलंय? भिंतीला ओल आहे का? एक मुलगा म्हणेल, आमच्याकडे फिल्टर आहे. एक मुलगी म्हणेल, आमच्याकडे कळश्या ओळीनं ठेवतात, कारण पाणी एक दिवसाआड येतं. त्या क्षणी वर्ग कामाला लागलेला असतो आणि दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, नदी, झोपडी आणि नारळाचं झाड हे कायमचं निसर्गचित्र कुणाला आठवत नाही.

या एकाच विषयाची पाचवीतली आणि आठवीतली चित्रं शेजारी ठेवून बघ. पाचवीतली काही मुलं माठाच्या आतलं पाणीही दाखवतील, बाहेरून दिसत नसलं तरी. त्यांना ते तिथे आहे हे माहीत असतं म्हणून ती काढतात. आठवीतला मुलगा माठाची कड लंबगोल येत नाही म्हणून चार वेळा खोडतो आणि कागद फाटल्यावर वही मिटून टाकतो. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणाच्या अभ्यासकानं मुलांच्या चित्रांचे वयानुसार टप्पे मांडले, त्यात साधारण बारा-तेराच्या सुमाराचा हा टप्पा आहे. मूल स्वतःच्या चित्राकडे मोठ्या माणसाच्या नजरेनं पाहू लागतं आणि त्याला ते कमी वाटू लागतं. बहुतेक माणसं चित्र काढायचं सोडतात ती याच वयात. तुझ्या सातवी-आठवीच्या तासांचं मोल त्यामुळे फार मोठं आहे. तिथे दमलेली, रात्रभर जागलेली बाई जाऊन चालायचं नाही.

रंगाचे तास एका आठवड्यात सगळ्यांना देऊ नकोस. सात तुकड्यांना रंग, सात तुकड्यांना पेन्सिल-खडू, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. पाण्यासाठी मुलांना नळावर सोडायचं नाही, तिथेच दहा मिनिटं जातात आणि शेजारच्या वर्गाची तक्रार येते. दोन बादल्या ठेव, एक स्वच्छ पाण्याची, एक गढूळ पाण्याची. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या अर्ध्या कापून चार मुलांत एक दे. प्रत्येक रांगेतला एक जण पाणीवाला, तोच आणेल, तोच ओतेल. ब्रश पुसायला जुन्या सुती साडीचे तुकडे. पहिली पाच मिनिटं बोलणं, मग वीस-बावीस मिनिटं काम, आणि सत्ताविसाव्या मिनिटाला चित्र जिथे असेल तिथे थांबायचं. ओली चित्रं मागच्या खिडकीच्या गजांना सुतळी बांधून चिमट्यांनी लटकवायची. पहिले दोन-तीन आठवडे गोंधळ होईल, सांडलवंड होईल. नंतर मुलं स्वतःच घड्याळाकडे बघून आवरायला लागतात. तू दारात उभी राहून नुसती बघशील.

वह्या तपासण्याबद्दल एवढंच सांगते की सातशे वह्या घरी न्यायच्या नाहीत. तास चालू असताना रांगेतून फिरतानाच दहा-बारा मुलांची नोंद यादीत करत जायचं, अडीच-तीन आठवड्यांत सगळी मुलं होतात आणि आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी आपोआप तयार असतात. ऑफ तास सगळे बदलीत जात असतील तर मुख्याध्यापकांना आठवड्यातले तीन तास तरी साहित्य आणि नोंदींसाठी राखून द्यायला सांग. "मला जास्त होतंय" असं म्हणू नकोस. २८ तास आणि सातशे मुलं हे आकडे समोर ठेव, ते पुरेसे बोलतात.

आता लघुप्रबंधाचा विषय सुचत नाही म्हणतेस त्याकडे येऊ. तू रोज पहाटे उठून ज्या जागी जातेस तिथेच तो पडलेला आहे, असं मला वाटतं. लोवेनफेल्डचा उल्लेख वर केला तो नुसता नाव घेण्यासाठी नाही. व्हिएन्नात विद्यापीठात शिकत असतानाच तो शाळेत शिकवत होता. पुढे तिथल्या अंधशाळेत त्यानं मुलांना मातीकाम शिकवलं. न दिसणारी मुलं माणसाचं डोकं करताना जे अवयव त्यांना आतून जाणवतात ते मोठे करतात, हे त्यानं वर्गात पाहिलं. डोळ्यांनी जग घेणारी आणि स्पर्शानं, अंगानं जग घेणारी अशी दोन प्रकारची माणसं असतात, हा त्याचा विचार त्याच वर्गातून आला. १९४७ मध्ये त्याचं जे पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झालं आणि जगभरच्या कलाशिक्षकांनी वाचलं, त्याची मुळं त्या मातीत आहेत. आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण हवं तर सेवाग्रामकडे बघ. देवी प्रसाद शांतिनिकेतनात शिकून १९४४ मध्ये वर्ध्याजवळ गांधीजींच्या नई तालीमच्या शाळेत कलाशिक्षक म्हणून आले. मुलांच्या कलेबद्दल त्यांनी पुढे जे लिहिलं ते तिथल्या मुलांसोबत काम करूनच. अभ्यास एकीकडे आणि वर्ग दुसरीकडे, अशी वाटणी या दोघांनीही केली नव्हती.

मी तुझ्या जागी असते तर सरांपुढे दोन विषय ठेवले असते. पहिला, आपल्या मराठी शाळांतलं ते साचेबंद निसर्गचित्र. दोन त्रिकोणी डोंगर आणि मधला सूर्य कुठून येतो, तो कोण शिकवतो, स्पर्धा, स्मरणचित्राची तयारी आणि बाजारातल्या चित्रकलेच्या वह्या यांचा त्यात वाटा किती, आणि प्रश्न बदलला की साचा मोडतो का. दुसरा, "बाई, काढून द्या" हे वाक्य. ते कुठल्या इयत्तेत सुरू होतं, कुणाकडून येतं, आणि ते आल्यावर शिक्षकाच्या हाताचं काय होतं. दुसरा विषय थेट तुझ्या स्वतःच्या चित्रांपर्यंत येतो, म्हणून मला तो अधिक आवडतो. पण तुमचा विभाग पेंटिंगचा आहे, सरांना दृश्यकलेच्या बाजूनं मांडणी हवी असेल, ते विचारून घे.

एक गोष्ट मात्र कसोशीनं पाळ. मुलांची चित्रं ही मुलांची आहेत. प्रबंधात वापरायची असतील तर आधी शाळेची लेखी परवानगी, मग पालकांची संमती. मुलाचं नाव, शाळेचं नाव लिहायचं नाही. मूळ चित्र परत द्यायचं, आपल्याकडे फोटो ठेवायचा. आणि ज्या दिवशी एखादं मूल "माझं नको" म्हणेल त्या दिवशी ते बाजूला ठेवायचं, कितीही उपयोगाचं असलं तरी. ती मुलं तुझ्यापुढे चित्र शिकायला बसतात, तुझ्या डिग्रीसाठी नाही. ही मर्यादा सांभाळलीस तर वर्गातलं तुझं लक्ष उलट वाढेल, कारण तू मुलांकडे अधिक बारकाईनं बघायला लागशील.

"यात शाळा शिरली आहे" हे सरांचं वाक्य तुला लागलं. लागणारच. पण ते काय म्हणत असतील ते शांतपणे बघ. दिवसभर फळ्यावर काढून दाखवणाऱ्या हाताला एक सवय लागते. बाहेरची रेघ आधी, ती स्वच्छ आणि एका दमात, लगेच ओळखू यावं असा आकार, आणि पाच मिनिटांत पूर्ण. वर्गात हे गुण आहेत. कॅनव्हासवर तोच हात आला की चित्र प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर देऊन मोकळं होतं. तुझ्या चार कामांत जाड बाह्यरेषा आणि सपाट, पूर्ण भरलेले आकार दिसतात का, ते बघ. दिसत असतील तर उपाय हाताला द्यायला हवा, मनाला दोष देऊन काही होणार नाही.

कॉलेजात पोचल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं मोठ्या कागदावर, उभं राहून, कोळशानं काम कर. रेघेनं सुरुवात न करता हाताच्या पंजानं छटा पसरून कर आणि काहीही पूर्ण करू नकोस. त्यानंतर आपलं काम उघड. शाळेसाठी पेन्सिल, खडू, पोस्टर कलर आणि स्वतःसाठी तैलरंग, अशी माध्यमांची वाटणी ठेवलीस तर हातही दोन जागा ओळखतो. तैलरंगाचा दुसराही फायदा तुझ्या वेळापत्रकाला आहे. तो सुकायला वेळ घेतो आणि तुझ्याकडे सलग वेळ नाही, म्हणजे दोघांचं जमतं. खालचा थर टर्पेंटाइननं पातळ केलेल्या अंबर या तपकिरी रंगात लाव, रॉ किंवा बर्न्ट. अंबर लवकर सुकतो, एक-दोन दिवसांत त्यावर काम करता येतं. अ‍ॅलिझरिनचा गडद लाल आणि आयव्हरी ब्लॅक सुकायला रेंगाळतात, ते वरच्या थरांना ठेव. तेलाचं प्रमाण खाली कमी, वर जास्त, हे तुला माहीत आहे. पावसाळ्यात पुण्याच्या दमट हवेत एखादा दिवस जास्त धरायचा. एका वेळी तीन कॅनव्हास चालू ठेव. एक सुकतो तेव्हा दुसऱ्यावर काम होतं, आणि भिंतीला लावलेला तिसरा येता-जाता डोळ्यांखालून जातो. हे सगळं कॉलेजच्या स्टुडिओतच कर. कॉट बेसिसच्या खोलीत टर्पेंटाइनची बाटली उघडायची नाही, तुझ्यासाठीही आणि शेजारच्या कॉटवरच्या मुलीसाठीही. खोलीवर फक्त छोटी वही आणि शाईचं पेन.

ती वही शाळेतही सोबत ठेव. चित्रकार प्रभाकर बरवे वाराणसीच्या आणि नंतर मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात वर्षानुवर्षं नोकरी करत होते. काम कापडावरच्या डिझाइनचं. त्याच वर्षांत त्यांची स्वतःची चित्रभाषा घडली, आणि ते सतत वह्यांमधून टिपणं, रेखाटनं करत राहिले. तुझी वही मधल्या सुट्टीत उघड. शाळा सुटताना पायऱ्यांवर पडलेला चपलांचा ढीग, पावसात भिंतीला टेकलेल्या छत्र्या, बाकाखाली लोंबणारे पाय. यातलं काय कॅनव्हासवर जाईल ते आत्ता कुणालाच सांगता येणार नाही. पण अशा तऱ्हेनं शाळा चित्रात आली तर सर तक्रार करणार नाहीत. त्यांची तक्रार शाळेच्या फळ्याबद्दल आहे, शाळेबद्दल नाही.

कागदपत्रांचं आता. हा भाग कंटाळवाणा आहे, पण पुढे गोत्यात आणतो तो हाच. एम.एफ.ए. नियमित अभ्यासक्रम आहे, हजेरी लागते. नोकरीही रोजची आहे. दोन्हीकडे लेखी माहिती दिली आहेस का? पत्रात उल्लेख नाही, म्हणून विचारते. शाळेकडून उच्च शिक्षणासाठी ना-हरकत प्रमाणपत्र घे. कॉलेजच्या कार्यालयात जाऊन किमान हजेरी किती लागते आणि तुझी आत्तापर्यंतची किती भरली, हे रजिस्टरमध्ये बघ, मैत्रिणीला विचारून नको. आणि एक लक्षात ठेव. नियमित पदवी आणि पूर्णवेळ नोकरीचा अनुभव एकाच काळातला असला की पुढे मुलाखतीच्या वेळी कागदपत्रांच्या छाननीत त्यावर बोट ठेवलं जातं. दोन्ही ठिकाणची लेखी परवानगी, शाळेची वेळ सकाळची आणि कॉलेजची दुपारची हे दाखवणारी वेळापत्रकं, फाइलला लावून ठेव. उद्या कला महाविद्यालयात शिकवायचं मनात आलं तर तुला एम.एफ.ए. आणि दृश्यकलेतली नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा लागणार आहे. स्टाफरूममधल्यांना डिग्रीचं महत्त्व वाटत नसेल, तुझ्या पुढच्या तीस वर्षांना ते आहे.

वर्षाचा नकाशाही आत्ताच काढून भिंतीला लाव. गणपतीच्या आधी शाडूची कार्यशाळा येणार. शासकीय रेखाकला परीक्षा सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरात धरून चाल. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांचे जादा तास त्यासाठी लागतील, आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पालकही मागे लागतील. ते जादा तास शनिवारी शाळा सुटल्यावर एकदाच सलग घे, रोज अर्धा-अर्धा तास नको. त्या महिन्या-दीड महिन्यात तुझे कॅनव्हास मागे पडणार, हे गाइड सरांना आधी सांगून ठेव. दिवाळीची सुट्टी मात्र पूर्ण तुझ्या चित्रांची. मिरजेला चार दिवस जाऊन ये, आईच्या हातचं खा, आणि परत येऊन स्टुडिओत बस.

एवढं करूनही शाळेनं ऐकलं नाही, परवानगी दिली नाही, सजावट तशीच चालू राहिली आणि हजेरी धोक्यात आली, तर काय सोडायचं हेही विचारलं आहेस असं धरते. तर ही शाळा सोड. शिकवणं सोड असं म्हणत नाही, ही शाळा. एम.एफ.ए.चं तुझं एकच वर्ष राहिलंय, आणि अर्धवट राहिलेली डिग्री लग्न, बदली, घरचं आजारपण यांतून परत उचलणं किती अवघड जातं ते मी पुष्कळ मुलींच्या बाबतीत पाहिलं आहे. ड्रॉइंग टीचरच्या अशा वर्षावर्षाच्या जागा जूनमध्ये कुठे ना कुठे निघतातच. मधल्या काळात पैशांची सोय म्हणून शनिवार-रविवारचे चित्रकलेचे वर्ग घेता येतील. पण हा निर्णय दिवाळीनंतर घे. आत्ता, थकलेल्या आणि दुखावलेल्या मनानं नको.

आईला सांग की डगरी दोनच आहेत आणि एकमेकींच्या जवळ आहेत, तिसरी आपण सोडतो आहोत.

सोमवारी सकाळी मुख्याध्यापकांकडे अर्ज दे. तोंडी बोलणं हवेत विरून जातं, म्हणून लेखीच. मजकूर एवढा पुरे: "मी एम.एफ.ए. द्वितीय वर्षाचं शिक्षण घेत असून कॉलेजची वेळ दुपारची आहे. माझ्याकडे १४ तुकड्यांचे २८ तास आहेत. तरी (१) उच्च शिक्षणासाठी ना-हरकत प्रमाणपत्र मिळावे, (२) शाळा सुटल्यावर १२.४५ वाजता निघण्याची परवानगी असावी, (३) आठवड्यातील तीन तासिका साहित्य व मूल्यमापनाच्या नोंदींसाठी राखून मिळाव्यात. दर्शनी फलकाचे काम यापुढे इयत्ता आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांकडून अक्षरलेखनाच्या तासिकेत करून घेतले जाईल." दोन प्रती काढ, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घे, आणि ती फाइलला लाव. उत्तर काय आलं ते मला कळव.

तुझी,
बाई